‘शी फेल आउट’ म्हणजे ‘ती पडली’ नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैपासून अमेरिकेत, अलाबामात, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (इस्पितळात राबून घ्यायचं डॉक्टरांचं पुढचं प्रशिक्षण) सुरू होतेय. परीक्षेपुरतं इंग्रजी चांगलं आहे, अमेरिकन मालिका सबटायटल्सशिवाय कळतात, पण दक्षिणेकडच्या खेड्यातल्या माणसांचे व्हिडिओ लावले की निम्मं डोक्यावरून जातं. तर अमेरिकन स्लँग आणि रोजच्या बोलण्यातल्या म्हणींची एखादी चांगली यादी मिळेल का? तीन महिने हातात आहेत, पाठ करून जाईन.

आधी अभिनंदन. मॅच होईपर्यंत, म्हणजे रेसिडेन्सीची जागा पक्की होईपर्यंत, जीव कसा टांगणीला लागतो ते सोसलेल्यालाच माहीत. आता उत्तर. मी अलाबामातच रेसिडेन्सी केली, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. नंतर तीन वर्षं पश्चिम पेनसिल्व्हेनियात, जुन्या कोळसा खाणींच्या एका गावात होतो. तेव्हापासून विस्कॉन्सिनमध्ये आहे. तिन्ही ठिकाणी मला इंग्रजी नव्यानं शिकावं लागलं. यादी पाठ करायला हरकत नाही, पण तुमची अडचण यादीनं सुटणारी नाही.

ज्या शब्दाचा अर्थच लागत नाही, तो शब्द फारसं नुकसान करत नाही. ‘कॅटीवॉम्पस’ कानावर पडलं की आपण थांबतो, ‘म्हणजे काय हो?’ विचारतो, ‘तिरकं, वाकडं’ असं उत्तर मिळतं, काम भागतं. घात करतात ते ओळखीचे शब्द. ते ऐकून आपण थांबतच नाही. आणि स्लँगच्या याद्यांत असतात नेमके पहिल्या जातीचे शब्द, कारण तेच गमतीचे वाटतात.

खरं तर हे मला इंटर्नशिपमध्येच कळायला हवं होतं. मी मुंबईत वाढलेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक आजी आल्या, म्हणाल्या, ‘बाबा, उन्हाळी लागलीय.’ एप्रिलचा महिना. मी म्हटलं, आजी, भर दुपारी शेतात जाऊ नका, डोक्याला फडकं बांधा. मागून सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘सर, लघवीला जळजळतंय त्यांना.’ दोन शब्द, दोन्ही मराठी, दोन्ही मला येणारे, तरी मी चुकलो. अलाबामात माझं हेच होणार होतं, फक्त इंग्रजीतून.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या महिन्यात, रात्री, सत्तरीच्या एका बाईंना त्यांची मुलगी घेऊन आली. ‘मामा फेल आउट इन चर्च.’ मी ते ‘फेल आउट’ जसंच्या तसं लिहिलं, आणि शेजारी अर्थ, चर्चमध्ये पडल्या. डोकं आपटलं का, कंबर दुखते का, सगळी चौकशी केली आणि कंबरेचा एक्स-रे लिहून मोकळा झालो. वॉर्डातल्या एक वयस्क नर्सबाई माझ्या खांद्यावरून कागद वाचत होत्या. म्हणाल्या, ‘हनी, शी डिडन्ट फॉल. शी फेल आउट.’ मला वाटलं, त्या तेच वाक्य पुन्हा म्हणतायत. तिकडे ‘फॉल आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. बाई पडल्याच नव्हत्या, बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मान टाकली होती. हवा होता तो ईकेजी (ईसीजीला तिकडे ईकेजी म्हणतात, हेही आत्ताच लक्षात ठेवा). काढला तर हार्ट ब्लॉक निघाला, म्हणजे हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेच्या संदेशातच अडथळा. पेसमेकर बसला, बाई घरी गेल्या, आणि मी एक छोटी वही विकत घेतली.

त्या वहीतले, तुम्हाला पहिल्याच महिन्यात लागतील असे थोडे शब्द सांगतो. ‘आय गॉट द शुगर’ म्हणजे मधुमेह. यात आपल्याला नवीन काही नाही, आपली माणसंही ‘शुगर झालीय’ असंच म्हणतात. ‘स्मदरिंग’ म्हणजे दम लागणं. ‘स्टोव्ह अप’ म्हणजे सांधे आखडून बसलेत. ‘रायझिन’ म्हणजे गळू. ‘प्यूनी’ म्हणजे चणीनं लहान नव्हे, मलूल, उतरलेला. ‘इल’ म्हणजे कित्येकदा आजारी नव्हे, चिडचिडा. ‘द बेबी इज इल’ याचा अर्थ बाळ किरकिर करतंय. आजारीही असेल, पण ते वेगळं विचारावं लागतं. ‘आय लाइक टू डाइड’ ऐकून मानसोपचारवाल्यांना फोन लावू नका, ‘मरता मरता वाचलो’ एवढंच ते आहे. ‘माय सन कॅरीड मी टू द डॉक्टर’ म्हणजे मुलानं उचलून आणलं नाही, गाडीत बसवून आणलं. नाहीतर तुम्ही ‘रुग्णाला चालता येत नाही’ असं लिहून बसाल.

‘हाय ब्लड’ आणि ‘लो ब्लड’ यांच्यापाशी जरा थांबतो. ‘हाय ब्लड’ म्हणजे वाढलेला रक्तदाब. ‘लो ब्लड’ मात्र बऱ्याचदा कमी रक्तदाब नसतो, अंगात रक्त कमी असणं असतं. आणि हे नुसते शब्द नाहीत, त्यांच्यामागे शरीराबद्दलची एक अख्खी समजूत आहे. रक्त वर चढतं, मग ते उतरवायला काहीतरी आंबट घ्यायचं. त्यामुळे काही जुनी माणसं व्हिनेगर पितात, काही लोणच्याच्या बरणीतलं पाणी पितात. तिकडचं काकडीचं लोणचं मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं. माझ्या एका रुग्णाचा रक्तदाब काही केल्या उतरेना, मी गोळ्या वाढवत गेलो, आणि तो बिचारा रोज सकाळी इमानेइतबारे ‘औषध’ म्हणून ते खारट पाणी पीत होता. ‘हाय ब्लडसाठी घरी काय करता?’ हा एक प्रश्न विचारला असता तर दोन महिने वाचले असते. आपल्याकडे ‘उष्णता झालीय’ म्हणणारा माणूस सब्जा भिजवून पितो, त्यातलाच हा प्रकार. चेष्टा न करता विचारलं की माणसं सांगतात.

खाण्यापिण्याच्या आणि वेळेच्या शब्दांचंही असंच आहे. दक्षिणेत ‘टी’ म्हणजे वाफाळता चहा नव्हे. बर्फ घातलेला आणि साखरेनं गच्च गोड केलेला तो ‘स्वीट टी’. ‘मी फक्त टी पिते’ असं मधुमेही बाई सांगतात तेव्हा किती ग्लास ते विचारा. ‘कोक’ म्हणजे तिथे कुठलंही थंड पेय. (सोडा, पॉप, कोक कुठे कुठे म्हणतात याचे रंगीत नकाशे तुम्ही पाहिले असतील. दवाखान्यात त्यांचा उपयोग एवढाच.) ‘डिनर’ ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. दक्षिणेतल्या आणि इकडे मिडवेस्टमधल्याही शेतकरी घरांत जुन्या पिढीचं ‘डिनर’ दुपारी बाराला असतं, रात्रीचं ते ‘सपर’. शिवाय दक्षिणेत ‘ईव्हनिंग’ दुपार कलली की सुरू होते. इन्सुलिनच्या चिठ्ठीवर ‘डिनरच्या वेळी’ असं कधीही लिहू नका. किती वाजता, ते आकड्यात लिहा.

आता खरी अवघड गोष्ट. शब्द निदान वहीत तरी लिहिता येतात. व्याकरण इतकं गुपचूप येतं की पकडायला काही हातात उरत नाही.

माझा एक रुग्ण पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागातून आलेला होता. मी विचारलं, रक्ततपासणी करायची का? तो म्हणाला, ‘आय डोन्ट केअर टू.’ पुस्तकी इंग्रजीत याचा अर्थ, माझी इच्छा नाही. मी तपासणी का गरजेची आहे ते समजावलं. पुन्हा तेच उत्तर. मी अजून समजावलं. तिसऱ्यांदा तेच म्हणत त्यानं बाही वर सारून हात पुढे केला आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. टेनेसी-केंटकीच्या त्या डोंगरांत ‘आय डोन्ट केअर टू’ म्हणजे ‘माझी काही हरकत नाही’. नकाराचा अर्थ होकार. संमतिपत्रावर सही घेताना ही गफलत केवढ्याला पडेल याचा विचार करा.

दुसरा शब्द ‘व्हेनेव्हर’. आपण शिकलो, व्हेनेव्हर म्हणजे जेव्हा जेव्हा. अॅपलेशियाच्या डोंगरपट्ट्यात, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियातही तो नुसता ‘जेव्हा’ असतो, एकदाच घडलेल्या गोष्टीसाठीसुद्धा. ‘व्हेनेव्हर आय हॅड माय हार्ट अटॅक’ म्हणजे मला तो एक अटॅक आला तेव्हा. मी मात्र मोठ्या आत्मविश्वासानं ‘वारंवार हृदयविकाराचे झटके’ असं लिहून ठेवलं होतं. तिसरा ‘एनीमोअर’. हा पेनसिल्व्हेनियापासून पश्चिमेला ओहायो, इंडियाना, मिसूरीपर्यंत भेटेल. ‘आय गेट डिझी एनीमोअर’. वाक्यात नकार कुठेच नाही, आणि अर्थ, हल्ली मला चक्कर येते. तुम्ही ‘आता चक्कर येत नाही’ असं ऐकलंत तर गेलं.

चौथी गोष्ट मराठी माणसाला सगळ्यांत सोपी जायला हवी. आफ्रिकन-अमेरिकन बोलीत ‘माय चेस्ट हर्टिंग’ आणि ‘माय चेस्ट बी हर्टिंग’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणजे छाती आत्ता दुखतेय. दुसरं म्हणजे छाती अधूनमधून दुखते, दुखत असते. आपण ‘दुखते’ आणि ‘दुखतेय’ यांत जो फरक करतो तोच. माझ्या बरोबरच्या गोऱ्या रेसिडेंटांना हे ‘चुकीचं इंग्रजी’ वाटायचं आणि ते दोन्हीकडे एकच अर्थ लावायचे. त्या बोलीत मात्र हा पक्का नियम आहे, आणि हृदयरोगाच्या रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न त्या एका ‘बी’त येऊन बसलाय. ‘बीन’चंही असंच. त्यावर जोर देऊन ‘आय बीन टुक माय पिल्स’ म्हटलं तर गोळ्या केव्हाच घेतल्या, बराच वेळ झाला. भाषाशास्त्रज्ञ जॉन रिकफर्ड यांनी १९७०च्या दशकात ‘शी बीन मॅरीड’ हे वाक्य, ‘बीन’वर जोर देऊन, दोन्ही वर्णांच्या माणसांपुढे ठेवलं होतं. बाईंचं लग्न अजून टिकून आहे का, असा प्रश्न. कृष्णवर्णीयांपैकी जवळजवळ सगळे हो म्हणाले, गोऱ्यांपैकी बहुतेकांना ते मोडलेलं वाटलं. वाक्य एकच, देश एकच.

आणखी एक, जरा हलकं. ‘आय माइट कुड कम मंडे.’ माइट आणि कुड एकामागून एक. याचं भाषांतर ‘बघते, जमलं तर येते’. आपल्याकडे या वाक्याचा जो अर्थ होतो तोच तिकडेही होतो. सोमवारची वाट बघू नका, फोन करा.

इतकं सगळं कुठून आलं, हे थोडं माहीत असलं की लक्षात ठेवायला सोपं जातं. अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधून आलेले स्कॉच-आयरिश लोक मोठ्या संख्येनं फिलाडेल्फियाच्या आसपास उतरले, पेनसिल्व्हेनियात पश्चिमेला सरकले आणि मग अॅपलेशियाच्या दऱ्याखोऱ्यांतून दक्षिणेकडे पसरले. म्हणून ‘व्हेनेव्हर’ मला अलाबामात भेटला आणि हजारेक किलोमीटर उत्तरेला पिट्सबर्गजवळ पुन्हा भेटला. तिथल्या नर्सेस म्हणायच्या, ‘द ड्रेसिंग नीड्स चेंज्ड.’ मधलं ‘टू बी’ गायब. आधी मला वाटलं एकीची सवय असेल. अख्खं गाव तसंच बोलत होतं. दुसरी लाट उलटी. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख आफ्रिकन-अमेरिकन माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. त्यामुळे शिकागो, डेट्रॉइट किंवा मिलवॉकीच्या इस्पितळातही एखाद्या आजी ‘आय फेल आउट’ म्हणतात. म्हणजे रुग्ण आज राहतो कुठे त्यावर जाऊ नका, तो वाढला कुठे ते विचारा. दक्षिणेत ‘हू आर युअर पीपल?’ हा प्रश्न सर्रास विचारतात. आपल्या ‘कुणाच्या तुम्ही? मूळ गाव कोणतं?’ यासारखाच. त्यात आगाऊपणा नाही.

तुम्हाला कोशच हवा असेल तर एक आहे. ‘डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश’. जमैकात जन्मलेले फ्रेडरिक कॅसिडी यांनी मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हे काम उभं केलं. १९६५ ते १९७० मध्ये त्यांची माणसं गाड्या घेऊन देशभर हिंडली, १,००२ वस्त्यांत २,७७७ लोकांना शेकडो प्रश्न विचारले. पहिला खंड १९८५ मध्ये आला, पाचवा २०१२ मध्ये. कॅसिडी २००० साली गेले, त्यांना शेवटची अक्षरं बघायला मिळाली नाहीत. हा ग्रंथ पाठ करायचा नसतो. रात्री ड्यूटी संपल्यावर वहीतला एक शब्द शोधायचा आणि तो कुठल्या कुठल्या राज्यांत सापडला ते बघायचं. त्यात मला फार आनंद मिळालाय, पण तो माझा छंद झाला, तुम्हाला पहिल्या वर्षी झोप जास्त लागेल.

हाक कशी मारायची, हे म्हणींपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. अलाबामात ‘सर’ आणि ‘मॅम’ हवंच. तिथे लहान मुलं आईलाही ‘येस मॅम’ म्हणतात. ओळख वाढली की वयस्क बाईंना ‘मिस शर्ली’, ‘मिस रूथ’ असं पहिल्या नावानं म्हणतात. आपल्या ‘शालूताई’सारखं, त्यात माया आणि मान दोन्ही. पण सुरुवात तिथून करायची नाही. विशेषतः आफ्रिकन-अमेरिकन वृद्धांना मिस्टर-मिसेस आणि आडनाव लावूनच हाक मारा, त्यांनी स्वतः मोकळीक दिली तरच बदला. वर्णभेदाच्या काळात त्यांना गोरी माणसं मुद्दाम पहिल्या नावानं बोलवायची. १९६३ मध्ये अलाबामातल्याच गॅड्सडेन गावच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकिलानं नुसतं ‘मेरी’ म्हटलं. ‘मिस हॅमिल्टन म्हणाल तर उत्तर देईन’ असं म्हणून ती गप्प राहिली, म्हणून तिला कोर्टाच्या अवमानाची शिक्षा झाली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. तुमच्या ऐंशीच्या घरातल्या रुग्णांनी हे दिवस तरुणपणी पाहिलेले आहेत.

‘ब्लेस युअर हार्ट’बद्दल इंटरनेटवर इतकं लिहिलंय की तुम्ही घाबरूनच जाल. म्हणे ही दक्षिणेची गोड शिवी आहे. असते कधीकधी, विशेषतः पाठीमागे कुणाबद्दल बोलताना. पण दवाखान्यात मी ती ऐकली त्यातली बहुतेक वेळा खऱ्या कळवळ्याची होती. छत्तीस तास जागलेल्या पोरीला रुग्ण आजी ‘ब्लेस युअर हार्ट’ म्हणतात तेव्हा ‘दमलीस गं बाई’ एवढंच त्यांना म्हणायचं असतं. प्रत्येक वेळी टोमणा शोधू नका.

बाकी म्हणी ऐकायला मजा येते, आणि त्या न कळल्यानं कुणी मरत नाही. ‘कसे आहात?’ला ‘फेअर टू मिडलिंग’ असं उत्तर येईल. कापसाच्या प्रतींशी नातं असलेला हा शब्द, म्हणजे ‘चाललंय, ठीक’. ‘रोड हार्ड अँड पुट अप वेट’, म्हणजे घोड्याला दामटून दौडवलं आणि घाम न पुसता तबेल्यात बांधलं, इतका थकलोय. ‘नक्की येईन’ म्हणताना ‘गुड लॉर्ड विलिंग अँड द क्रीक डोन्ट राइज’, देवाची मर्जी असली आणि ओढ्याला पूर आला नाही तर. उन्हात पाऊस पडला की आपण कोल्ह्याचं लग्न लावतो. दक्षिणेत त्याच वेळी सैतान बायकोला मारत असतो. का, ते विचारू नका, मला कुणीही धड सांगितलं नाही.

रेसिडेन्सीनंतरचंही आत्ताच सांगून ठेवतो, कारण जे-वन व्हिसावर (परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी मिळतो तो) आलात तर हे तुमच्या पुढ्यात येणारच. मायदेशी दोन वर्षं परतण्याची अट माफ करून घ्यायची असेल तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. ही माफी देणाऱ्या, १९९४ मध्ये सुरू झालेल्या कॉनरॅड योजनेत दर राज्याला वर्षाला २० जागा होत्या, २००२ पासून ३० झाल्या. थोडक्यात, परदेशी डॉक्टरची नेमणूक बहुधा तिथेच होते जिथली बोली सगळ्यांत घट्ट असते. मी असाच पेनसिल्व्हेनियात गेलो. तिथे ‘तुम्ही सगळे’ला ‘यिन्झ’ म्हणतात, निसरड्याला ‘स्लिपी’, चोंबड्या माणसाला ‘नेबी’, घर आवरण्याला ‘रेड अप’. एकदा एक आजोबा तपासून झाल्यावर गंभीरपणे म्हणाले, ‘डॉक, केनीवूड्स ओपन.’ केनीवूड हे पिट्सबर्गजवळचं जुनं करमणूक उद्यान. मी म्हटलं, अरे वा, यंदा लवकर उघडलं! नातवंडांना नेणार का? आजोबा हसून हसून खोकायला लागले. त्या भागात ‘केनीवूड उघडं आहे’ म्हणजे आपल्याकडचं ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’. माझ्या पँटची चेन.

आणि विस्कॉन्सिन? इथे शब्द कमी छळतात, मौन जास्त छळतं. ‘बब्लर’ म्हणजे पाणी प्यायचा नळ, ‘कम विथ’ म्हणजे बरोबर चल, एवढं दोन दिवसांत कळतं. ‘टेरेस’नं मात्र मला फसवलं. रुग्ण म्हणाला, टेरेसवर पडलो. मी हादरलो, कितव्या मजल्यावरून? इथे टेरेस म्हणजे फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी. पण खरी गोष्ट ही की इथला शेतकरी वेदना सांगतच नाही. ट्रॅक्टरवरून पडून तीन बरगड्या मोडलेला माणूस ‘अ लिटल सोअर’ म्हणतो. एक ते दहामध्ये किती दुखतंय विचारलं तर ‘ओह, टू, मेबी थ्री’. मी आकडा विचारणं सोडून दिलंय. ‘आज सकाळी गाईंचं दूध काढलंत का?’ असं विचारतो. ‘नाही जमलं’ आलं की लगेच सीटी स्कॅन.

तुमच्या तीन महिन्यांचं काय, तर रोज अर्धा तास अलाबामा, मिसिसिपीच्या वयस्क माणसांच्या मुलाखती ऐका. मौखिक इतिहासाच्या संग्रहांत तासन्‌तास मिळतील. कान आधी स्वरांना सरावू द्या. तिकडे ‘पिन’ आणि ‘पेन’ एकसारखे ऐकू येतात, म्हणून लिहायच्या पेनला मुद्दाम ‘इंक पेन’ म्हणतात. डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्यासाठी बेसबॉलचे जुजबी नियम बघून घ्या. बॉलपार्क, कर्व्हबॉल, टच बेस, रेन चेक हे सगळं तिथूनच आलंय, आणि क्रिकेटवाल्याला अर्ध्या तासात कळतं. मीटिंगमध्ये ‘लेट्स टेबल इट’ म्हणाले तर विषय चर्चेला घेतला असं समजू नका. तो पुढे ढकललाय, आपल्याकडच्या बरोब्बर उलट.

स्वतः बोलताना स्लँग वापरू नका, आणि तिकडचा हेल तर मुळीच काढू नका. दुसऱ्याची बोली उसनी आणली की नक्कल वाटते, आणि नक्कल ही चेष्टेच्या फार जवळ असते. अपवाद एकच, ‘यॉल’. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही सगळे’ यांना एकच शब्द, आणि खोलीत रुग्णाबरोबर सहा नातेवाईक बसलेले असतात. ‘यॉल’ म्हटलं की सगळ्यांना विचारतोय हे कळतं. महिनाभरानं तो तुमच्याही तोंडात बसेल.

रुग्णापुढे अडलात तर तोंड वाकडं न करता म्हणा, ‘आय ॲम नॉट फ्रॉम हिअर. टेल मी व्हॉट दॅट फील्स लाइक.’ शब्दाचा अर्थ विचारण्यापेक्षा काय होतं ते विचारणं चांगलं, कारण अर्थ सांगायला माणसं अडखळतात, पण काय झालं ते भडाभडा सांगतात. केसपेपरवर मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत, अवतरणात लिहा, आणि शेजारी तुम्ही लावलेला अर्थ. अर्थ चुकला तर निदान दुसऱ्या कुणाला तो पकडता येतो. माझ्या त्या नर्सबाईंनी पकडला तो मी ‘फेल आउट’ जसंच्या तसं लिहिलं होतं म्हणूनच.

एका जागी हे सगळं कोलमडतं, ती म्हणजे रात्रीचा फोन. समोर हातवारे नाहीत, छातीवर ठेवलेला हात दिसत नाही, आणि पलीकडची नर्स घाईत असते. पहिले सहा महिने मी फोनवर ऐकलेलं प्रत्येक वाक्य माझ्या साध्या इंग्रजीत परत बोलून दाखवायचो, ‘म्हणजे त्यांची शुद्ध हरपली होती, बरोबर?’ एक-दोघी वैतागायच्या. वैतागू द्या. आणि तरीही शंका उरली तर फोन ठेवा आणि जिना चढून वॉर्डात जा.